बालचित्रपटातील युद्ध : योग्यायोग्यतेचा एक विचार

उन्हाळी शिबिरात पाचवी ते आठवीच्या मुलांना कोणते चित्रपट दाखवावेत, अशी विचारणा जालना जिल्ह्यातील काही शिक्षकमित्रांनी आमच्याकडे केली होती. आम्ही करून दिलेल्या यादीत ब्रॅड बर्ड यांचा ‘द आयर्न जायंट’ (१९९९) आणि अरिस्टोमेनिस त्सिर्बास यांचा ‘बॅटल फॉर टेरा’ हे दोन ॲनिमेशनपट होते. यादीवर चर्चा झाली तेव्हा इतर नावांबद्दल कोणी काही बोलले नाही. या दोन नावांवर मात्र बोट ठेवले गेले. दोन्ही विज्ञानकथा, दोन्हींत युद्ध, दोन्हींत मृत्यू. प्रश्न एकच होता : मुलांना हे चालेल का?

‘चालेल का’ हा आपला मोठा सोयीचा शब्दप्रयोग आहे. उपवासाला साबुदाणा चालतो, तसे मुलांना अमुक चालते, तमुक चालत नाही. त्यात निषिद्ध काय याची विचारणा असते; हितकर काय याची नसते. साहित्याच्या अध्यापकाने या शब्दापाशी थांबून चालणार नाही. एखादी कलाकृती मुलाला ‘चालते’ की नाही हे ठरवणे तुलनेने सोपे आहे. ती त्याच्यासाठी योग्य आहे की नाही हे ठरवण्यासाठी ती कृती मुळापासून वाचावी लागते. या लेखात आम्ही तेच करू इच्छितो, आणि वर उल्लेखिलेल्या शिक्षकांच्या शंकेला ती शंका म्हणूनच मान देऊन करू इच्छितो.

‘चालेल का’ या प्रश्नाचे शासकीय उत्तर म्हणजे प्रमाणपत्र. १९५२च्या चलच्चित्र अधिनियमाखाली आपल्याकडे चित्रपटांचे वर्गीकरण होते. ‘यू’ आणि ‘ए’ या दोन टोकांच्या मध्ये १९८३ साली ‘यूए’ ही पायरी आली, आणि २०२३च्या दुरुस्तीने तिचेही ७, १३ व १६ वर्षे असे तीन तुकडे पडले. ही व्यवस्था निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु तिचे मोजमाप मुख्यतः दृश्याचे असते : रक्त किती, शिवी कोणती, अंगावर वस्त्र किती. विज्ञानकथेतील युद्ध या मोजपट्टीतून सहज निसटते, कारण तेथे मरणारे बहुधा यंत्रमानव असतात. त्यांच्या अंगातून रक्त निघत नाही, ठिणग्या निघतात. शंभर यंत्रमानव कापून काढणारा नायक आणि एका हरणाच्या मृत्यूपाशी थबकणारा नायक, या दोघांत लहान मुलाच्या मनावर कोणाचा संस्कार कसा होईल, हे प्रमाणपत्रावरून कळण्याचा मार्ग नाही.

येथे कोणी म्हणेल की मुलांना युद्धकथा नकोच. त्यांचे विश्व निर्मळ असू द्यावे. या म्हणण्यामागचे वात्सल्य खरे असले, तरी आपली परंपरा त्याला साक्ष देत नाही. पंचतंत्राचे तिसरे तंत्र आठवून पाहावे. काकोलूकीय म्हणजे कावळे व घुबडे यांच्या युद्धाची कथा. कावळ्यांच्या राजाचा वृद्ध मंत्री स्थिरजीवी स्वतःला जखमी करवून घेऊन शत्रूच्या आश्रयाला जातो. घुबडांच्या मंत्र्यांत त्याला ठेवावे की मारावे यावर खल होतो. एकटा रक्ताक्ष धोक्याची सूचना देतो, पण त्याचे कोणी ऐकत नाही. शेवटी स्थिरजीवी गुहेच्या तोंडाशी काटक्या रचत जातो, आणि दिवसा आंधळी असलेली घुबडे आतल्या आत जाळून मारली जातात. आजच्या भाषेत हा वंशसंहार आहे. तरीही पंचतंत्र बालवाङ्मय म्हणून घरोघर वाचले जाते आणि आमच्या मते ते योग्यच आहे. कारण या कथेत शत्रुपक्षाला दरबार आहे, मतभेद आहेत, शहाणपणही आहे. रक्ताक्षाचे म्हणणे बरोबर होते हे ऐकणाऱ्या मुलाला कळते, आणि ज्याचे बरोबर होते तो शत्रूच्या बाजूचा होता हेही कळते. मुलांसाठी काढलेल्या काही संक्षिप्त आवृत्त्यांत मंत्र्यांचा हा खल गाळून नुसती युक्ती आणि आग तेवढी ठेवतात. संपादकाला वाटते आपण कथा सोपी केली. वास्तविक त्याने ती अधिक क्रूर केलेली असते.

आमची कसोटी आम्हाला या तंत्रात सापडते. युद्ध दाखवले की नाही, हा प्रश्न गौण आहे. शत्रूला चेहरा आहे काय? मेलेला कोणाचा तरी होता हे कथेला ठाऊक आहे काय? आणि नायकाने शस्त्र उचलताना त्याला, व त्याच्याबरोबर प्रेक्षकाला, काही किंमत मोजावी लागते काय?

‘द आयर्न जायंट’ या कसोटीवर कसा उतरतो ते सविस्तर पाहण्याजोगे आहे. चित्रपटाचे मूळ इंग्रज कवी टेड ह्यूज यांच्या १९६८ सालच्या ‘द आयर्न मॅन’ या बालकथेत आहे. ह्यूज यांच्या कथेत अवकाशातून एक प्रचंड प्राणी पृथ्वीवर येतो तो पृथ्वीवरील लढायांचा कल्लोळ ऐकून. लोहमानव त्याला अग्निपरीक्षेत हरवतो, आणि पराभूत प्राणी शेवटी ताऱ्यांचे संगीत गाऊ लागतो. कवीची कथा अशी कवीसारखीच संपते. बर्ड यांनी हा शेवट सोडून दिला आणि कथा १९५७च्या अमेरिकेत नेली, म्हणजे स्पुटनिक आकाशात गेले त्या वर्षात, जेव्हा आकाशातून येणारी प्रत्येक वस्तू शत्रूची वाटत होती. आकाशातून पडलेला, स्मृती हरवलेला एक लोखंडी महाकाय आणि होगार्थ नावाचा मुलगा यांची ती कथा आहे. हा महाकाय मुळात शस्त्र म्हणून घडवलेला आहे, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसते.

महाकायाचे खाद्य लोखंड. तो भंगाराच्या आवारात राहतो आणि मोडक्या मोटारी खातो. हे वाचताना जालन्याच्या वाचकाला हसू आले तर नवल नाही. आमच्या या शहरातील औद्योगिक वसाहतीच्या भट्ट्यांना भंगार लागते. ट्रकांनी येणारे गंजके लोखंड वितळवून त्याच्या सळया होतात आणि त्या सळयांवर गावोगावचे स्लॅब उभे राहतात. ज्या मुलाचा बाप रोलिंग मिलमध्ये पाळीवर जातो, त्याला लोखंड खाणारे काहीतरी असते हे वेगळे सांगावे लागत नाही. त्याने ते रात्री लाल दिसणाऱ्या आकाशात पाहिलेले असते. परदेशी चित्रपट आपल्या मुलांना परका वाटेल, या आक्षेपाला निदान या चित्रपटापुरते हे उत्तर पुरेसे व्हावे.

आता ज्या दृश्यांमुळे शिक्षक बिचकतात ती दृश्ये. जंगलात महाकाय एका हरणाला बोट लावू पाहतो. हरीण पळते, आणि लगेच शिकाऱ्यांची गोळी त्याला लागते. महाकाय मेलेल्या हरणाला हलवून पाहतो. होगार्थ त्याला मृत्यू समजावून सांगतो, म्हणजे त्या वयाच्या मुलाला जेवढा समजला असेल तेवढाच. पुढे होगार्थ खेळण्यातली बंदूक त्याच्यावर रोखतो, आणि महाकायातले झोपलेले यंत्र जागे होते. तो आपल्या लाडक्या मित्रावरच मारा करतो. मुलगा थोडक्यात वाचतो. हे दृश्य भीतिदायक आहे यात शंका नाही. पण बंदूक खेळण्यातली आहे, हे ध्यानात घ्यावे. यंत्राला खेळ आणि युद्ध यांतला फरक कळत नाही. मुलाला तो कळला पाहिजे, आणि तो कळण्याची जागा या दृश्याहून चांगली आम्हाला माहीत नाही. दिवाळीत टिकल्यांच्या पिस्तुलाने एकमेकांवर नेम धरणाऱ्या मुलांशी आपण एरवी या विषयावर बोलतच नाही.

बर्ड यांच्या बहिणीचा बंदुकीने खून झाला होता. एखाद्या बंदुकीला आत्मा असता आणि तिला बंदूक व्हायचे नसते तर, या कल्पनेतून आपण हा चित्रपट उभा केला, असे त्यांनी सांगितलेले आहे. कलावंताच्या चरित्रावरून कलाकृतीचा निवाडा करू नये हे आम्ही वर्गात शिकवतो. तरीही येथे ही माहिती उपयोगी पडते, कारण चित्रपटाचा सारा तोल याच कल्पनेवर उभा आहे. आपण कोण व्हायचे हे आपण निवडू शकतो, हे वाक्य बोधवाक्यासारखे मुलांना सांगितले तर ते कानाआड करतील. मारण्यासाठीच बनवलेला एक जीव शेवटी गावावर येणारे अण्वस्त्र अंगावर घ्यायला आकाशात झेपावतो, तेव्हा वेगळे काही सांगण्याची गरज उरत नाही.

या चित्रपटात आणखी एक छोटे दृश्य आहे, ज्याकडे समीक्षकांचे लक्ष कमी गेले आहे. होगार्थच्या वर्गात मुलांना एक शैक्षणिक चित्रफीत दाखवली जाते : अणुबॉम्ब पडला तर बाकाखाली लपा, अशा अर्थाची, आनंदी चालीची. हे विडंबन हवेतून आलेले नाही. १९५०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी नागरी संरक्षण विभागाने खरोखरच अशी चित्रफीत काढली होती आणि तीत एक ॲनिमेशनमधले कासव मुलांना डोके कवचात कसे घ्यावे ते शिकवीत असे. म्हणजे मुलांसाठीच्या युद्धविषयक ॲनिमेशनपटाचा तो एक आद्य नमुना, आणि तो सरकारनेच ‘योग्य’ ठरवून शाळाशाळांतून दाखवलेला. त्यात रक्ताचा थेंब नव्हता. केवळ एक असत्य होते : बाकाखाली बसले की वाचता येते.

शेवटाबद्दल मात्र आमची तक्रार आहे. महाकायाचे विखुरलेले तुकडे आइसलँडच्या हिमनदीवर पुन्हा जुळू लागतात, असे सूचित करून चित्रपट संपतो. निर्मात्यांना प्रेक्षकगृहातून मुले रडत बाहेर पडू द्यायची नव्हती, हे समजण्यासारखे आहे. परंतु आपल्या मुलांना अभिमन्यू परत येत नाही हे पचवता येते; त्यांना हा दिलासा देण्याची निकड होती असे आम्हाला वाटत नाही. चर्चेत एका शिक्षिकेने याच्या उलट मत दिले : पाचवीच्या मुलाला एवढी तरी आशा ठेवू द्या. त्यांचा वर्गातला अनुभव आमच्याहून मोठा आहे. आमचे मत आम्ही बदललेले नाही.

‘बॅटल फॉर टेरा’ हा कलाकृती म्हणून दुय्यम चित्रपट आहे. २००७ साली टोरांटोच्या महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला आणि २००९ साली चित्रपटगृहांत आला, गाजला नाही. त्याची पात्रे ढोबळ आहेत, संवाद कामापुरते. पण त्याची रचना एका बाबतीत विलक्षण आहे : यात परग्रहावरून येणारे आक्रमक आपण आहोत. आपापसांत लढून मानवाने आपली वसतिस्थाने नष्ट केली आहेत, आणि उरलेली माणसे एका जुन्या अवकाशनौकेत श्वासापुरती हवा सांभाळीत टेरा नावाच्या ग्रहापाशी येऊन पोचतात. तेथे तरंगत राहणारे, शांतताप्रिय जीव आहेत. माणसाला जगायचे तर त्या ग्रहाची हवा बदलली पाहिजे. हवा बदलली तर तेथील सगळे जीव गुदमरून मरतील. सेनापतीच्या बाजूला दुष्टपणा आहेच, पण केवळ दुष्टपणा नाही. त्याच्या नौकेतही मुलेबाळे आहेत.

माला नावाची टेरावासी मुलगी या कथेची नायिका. तिला काही ठिकाणी जायला, काही गोष्टी विचारायला मनाई आहे. कथा उलगडते तसे कळते की या शांत लोकांचाही भूतकाळ युद्धाचा होता. वडीलधाऱ्यांनी तो मुलांपासून लपवून ठेवलेला आहे, आणि लढाऊ यंत्रे मात्र मोडून न टाकता झाकून ठेवली आहेत. हे पाहताना आम्हाला पुन्हापुन्हा आपल्या प्रश्नाची आठवण झाली. मुलांना युद्ध दाखवावे की नाही, याचा एक निर्णय या चित्रपटातल्या वडीलधाऱ्यांनी आधीच घेतलेला असतो. परिणाम असा की संकट आले तेव्हा त्या पिढीजवळ शस्त्रे होती. त्या शस्त्रांनी पूर्वी काय झाले होते याची आठवण नव्हती. युद्धकथा मुलांपासून दूर ठेवण्याच्या बाजूने ज्यांना बोलायचे आहे, त्यांनी प्रथम या चित्रपटाला उत्तर द्यावे.

उलट उदाहरण म्हणून ‘स्टार वॉर्स : द क्लोन वॉर्स’ (२००८) घेता येईल. तो या दोहोंपेक्षा अधिक लोकप्रिय मालिकेचा आरंभ आहे, आणि बहुतेक पालकांना तो निरुपद्रवी वाटेल. त्यात लढणाऱ्या एका बाजूला विनोदी बोलणारे यंत्रमानव, दुसऱ्या बाजूला एकाच साच्यातून काढलेले सैनिक. कोणीही मेले तरी काही बिघडत नाही. मागून तसाच दुसरा येतो. याच चित्रपटात असोका ही चौदा वर्षांची मुलगी प्रथम अवतरते आणि आघाडीवर सैन्याचे नेतृत्व करते. ती धीट आहे, चुणचुणीत आहे, मुलींना आवडेल अशी आहे. चौदाव्या वर्षी तिला रणांगणावर कोणी आणले, हा प्रश्न निदान या चित्रपटात कोणालाच पडत नाही. पुढील मालिकेत या कथेला खोली आली असे जाणकार सांगतात आणि ते खरे असावे. पण आमच्यापुढे येणारा विद्यार्थी दीड तासाचा चित्रपट पाहून घरी जाणार आहे. घरी कोणी तो पाहिला तर आकाश कोसळणार नाही. शाळेने आपला दुपारचा वेळ त्यावर घालवू नये इतकेच आमचे म्हणणे.

या विवेचनावर एक रास्त आक्षेप येतो. मुले आशय पाहत नाहीत, मारामारी पाहतात. लोहमानवाचे बलिदान विसरतील आणि त्याच्या हातातून निघणारे किरण तेवढे लक्षात ठेवतील. काही मुलांच्या बाबतीत हे घडेलच. परंतु या आक्षेपात एक गृहीत दडलेले आहे, की आपण दाखवले नाही तर मूल युद्ध पाहणार नाही. २०२५च्या मे महिन्यात ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवसांत घरोघरच्या दूरचित्रवाणीवर काय चालले होते ते आठवावे. संगणकाने रंगवलेली क्षेपणास्त्रे नकाशावरून उडत होती, पडद्यावर लाल वर्तुळे फुटत होती, आणि त्यामागे हवाई हल्ल्याचे भोंगे वाजत होते. अखेर १० मे रोजी वृत्तवाहिन्यांनी उगाच भोंगे वाजवू नयेत, अशी सूचना केंद्र सरकारला काढावी लागली. ॲनिमेशन होते, विज्ञानकथेची सारी सामग्री होती, युद्धही होते. प्रमाणपत्र तेवढे नव्हते. जेवणाच्या ताटावर बसून मुलांनी ते पाहिले आणि कोणाही पालकाने ‘चालेल का’ असे विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. त्याआधी १ सप्टेंबर २०२३ रोजी अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे आंदोलकांवर लाठीमार झाला; त्याची चित्रणे जिल्ह्यातल्या हातोहातीच्या मोबाइलवर फिरली, आणि ती पाहणाऱ्या मुलांच्या शेजारी बहुधा कोणी बसलेले नव्हते. मुलाला हिंसेचे दर्शन होऊ द्यायचे की नाही, हा पर्याय आपल्या हाती आता राहिलेला नाही. ते पाहून झाल्यावर त्याविषयी बोलायला भाषा द्यायची की नाही, एवढेच हाती आहे.

आणि जालना जिल्ह्यात हा विषय निघाला की असईला टाळून पुढे जाता येत नाही. भोकरदनच्या परिसरात केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात हे लहानसे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या सैन्याची आर्थर वेलस्लीच्या फौजेशी लढाई झाली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणाऱ्या या सेनानीला उतारवयात आपली सर्वोत्तम कामगिरी विचारली गेली, तेव्हा त्याने असईचे नाव घेतले, असे सांगतात. ब्रिटिश बाजूचे दीड हजारांहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. तो आकडा पलटणवार नोंदलेला आहे. मराठ्यांच्या बाजूचे हजारो पडले, पण किती याचे अंदाजच आहेत. आमच्या कसोटीचा दुसरा प्रश्न, मेलेला कोणाचा होता हे कथेला ठाऊक आहे काय, हा येथे नुसता वाङ्मयीन राहत नाही. एका बाजूच्या मृतांची यादी आहे, दुसऱ्या बाजूच्या मृतांची बेरीजसुद्धा नाही. त्या दुसऱ्या बाजूच्या तोफा चालवणारे आणि त्यांच्या पायदळात उभे राहणारे सगळे मराठी होते असेही नाही. उत्तर हिंदुस्थानातले शिपाई होते, आणि त्यांचा सेनापती पोलमन हा हॅनोव्हरचा. शत्रू कोण आणि आपण कोण, हे असईच्या शेतात उभे राहून सांगणे पडद्यावरच्या विज्ञानकथेहून अवघड आहे. टेरा ग्रहाची कथा पाहिलेल्या आठवीच्या मुलांना तेथे सहलीला न्यावे आणि हे सांगावे, असे आम्ही सुचवू.

वयाबद्दल आमचा कौल थोडक्यात असा. ‘द आयर्न जायंट’ पाचवीपासून बिनदिक्कत. त्याहून लहान मुले असतील तर हरणाचे आणि बंदुकीचे दृश्य दाखवताना जवळ बसावे. ‘बॅटल फॉर टेरा’ सातवीच्या खाली नको. त्याचे कारण हिंसा नव्हे. आपलीच बाजू आक्रमक असू शकते, ही कल्पना धरून ठेवायला थोडे वय लागते.

राहता राहिली भाषेची अडचण, आणि ती खरोखरची अडचण आहे. आम्ही पाहिलेल्या या दोन्ही चित्रपटांच्या प्रतींत मराठी ध्वनी नाही. इंग्रजी संवाद आमच्या मुलांच्या डोक्यावरून जातील, आणि मग फक्त मारामारी उरेल. वरचा आक्षेप या वाटेने खरा ठरू शकतो. यावर उपाय आपल्याकडे जुनाच आहे. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकेक चित्र पुढे धरीत रामायण-महाभारतातली युद्धे रात्रभर सांगत आले. चित्र गप्प, सांगणारा बोलता. कोठे थांबायचे, कोणत्या मृत्यूपाशी आवाज उतरवायचा, हे त्याच्या हाती. शिक्षकाने ध्वनी बारीक करून पडद्याशेजारी उभे राहावे आणि मराठीत कथा सांगावी, पाहिजे तेथे चित्र थांबवावे. त्याची तयारी म्हणून चित्रपट आधी दोनदा पाहावा लागेल, आणि निदान हरणाच्या दृश्याला काय बोलायचे ते लिहून काढावे लागेल. त्या ठिकाणी काहीच न बोलता चित्र तसेच थांबवून ठेवले, तरी आमची हरकत नाही.